आठव्या अनुसूचीतील मराठी आणि परमुलुखातील मराठी घर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या आनंदाच्या प्रसंगी राज्यघटनेतील अनुच्छेदांवर बोलावयास उभे राहणे म्हणजे लग्नाच्या पंगतीत जमाखर्चाची वही उघडून बसण्यासारखे आहे, याची मला जाणीव आहे. तरीही हा विषय मी मुद्दाम मागून घेतला. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या बैठकांतून भाषेचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास कानी पडतात. ‘मराठी ही घटनेने मान्य केलेली भाषा आहे, तिला काय धक्का लागणार?’ हे एक. आणि ‘आपण पडलो परप्रांतात, येथे मराठीला कसला आलाय हक्क?’ हे दुसरे. मौज अशी की ही दोन्ही वाक्ये पुष्कळदा एकाच गृहस्थांच्या तोंडून, एकाच संध्याकाळी ऐकू येतात. घटना उघडून पाहू लागले म्हणजे दोन्हीही टिकत नाहीत.

घटनेने मराठी भाषेला काय दिले हा एक प्रश्न आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबाला काय दिले हा दुसरा आणि सर्वस्वी निराळा प्रश्न आहे. दुसऱ्याचे उत्तर पहिल्यात सापडत नाही, हे मला आज सांगावयाचे आहे. आणि हा प्रश्न थोडक्या लोकांचा नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ८ कोटी ३० लाख होते; त्यांपैकी ५० लाखांहून अधिक महाराष्ट्राबाहेर होते.

प्रथम शब्दांचा थोडा निचरा करू. ‘राष्ट्रभाषा’ हा शब्द आपण सर्रास वापरतो. पण भारताच्या घटनेत कोणत्याही भाषेला राष्ट्रभाषा म्हटलेले नाही. तीनशे त्रेचाळिसाव्या अनुच्छेदात देवनागरी लिपीतील हिंदी ही ‘संघराज्याची राजभाषा’ आहे, म्हणजे केंद्राच्या कारभाराची भाषा आहे. मालाच्या वेष्टनावरचा तपशील हिंदीतून छापण्याची सक्ती व्हावी अशी मागणी २०१० साली गुजरात उच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा हिंदीला राष्ट्रभाषा ठरविणारा काही लेख दफ्तरी आढळत नाही, असे त्या न्यायालयानेही नमूद केले. अलीकडचा शब्द ‘अभिजात भाषा’. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला तो दर्जा दिला आणि आपण सर्वांनी पेढे वाटले. पेढे योग्यच होते. परंतु तो दर्जा मंत्रिमंडळाच्या निर्णयाने मिळतो, घटनेत त्याचा उल्लेख नाही.

आता घटनासमितीकडे वळू. तेथील भाषेच्या वादात आपल्यासारख्या एका माणसाची गाठ पडते आणि ती मला फार बोलकी वाटते. १० डिसेंबर १९४६ रोजी, म्हणजे समितीची बैठक सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, रघुनाथ विनायक धुळेकर नावाचे सभासद आपली दुरुस्ती मांडण्यास उठले आणि हिंदुस्थानीतून बोलू लागले. अनेक सभासदांना ती भाषा येत नाही, असे अध्यक्षस्थानावरून सांगण्यात आले. त्यावर, ज्यांना हिंदुस्थानी येत नाही त्यांना या देशात राहण्याचा आणि या सभेत बसण्याचा हक्क नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. मोठा गोंधळ उडाला. अखेर नेहरूंना मध्ये पडून, ही काही झाशीची जाहीर सभा नव्हे, असे त्यांना समजवावे लागले. झाशीची सभा म्हणण्याचे कारण, धुळेकर हे झाशीचे. तेथे स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातले. हिंदीचा सर्वांत कडवा आवाज त्या दिवशी एका मराठी नावाच्या गृहस्थांचा होता! मी त्यांना दोष देत नाही. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी कारावास सोसला होता, आणि जेथे आपले घर आहे तेथील भाषा मनापासून आपलीशी करणे हा गुणच आहे. परमुलुखात दोनतीन पिढ्या गेल्या म्हणजे घरच्या भाषेचे काय होते, याचे ते एक उदाहरण म्हणून मी ते पुढे ठेवतो.

या वादाचा शेवट १४ सप्टेंबर १९४९ रोजी झाला. कन्हैयालाल मुनशी आणि गोपालस्वामी अय्यंगार यांच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र मान्य होऊन घटनेचा सतरावा भाग सिद्ध झाला. हिंदी राजभाषा, पंधरा वर्षे, म्हणजे २६ जानेवारी १९६५ पर्यंत, इंग्रजीही चालू, आणि आकडे मात्र भारतीय अंकांच्या आंतरराष्ट्रीय स्वरूपातले. या आकड्यांवर इतका खल झाला की आज वाचताना हसू येते. पण देवनागरी आकडे वापरणाऱ्या आपल्यासारख्यांनी फार हसू नये. पंधरा वर्षांची ती मुदत कशी निभावली जावी हे पाहण्यासाठी १९५५ साली नेमलेल्या राजभाषा आयोगाचे अध्यक्ष बाळासाहेब खेर होते. त्यांच्या आयोगातही सुनीतिकुमार चटर्जी आणि सुब्बरायन यांनी भिन्नमतपत्रिका जोडल्या. पुढे १९६३ चा राजभाषा अधिनियम, १९६५ चे मद्रासमधील उग्र आंदोलन आणि १९६७ ची दुरुस्ती यांमधून इंग्रजी कायम राहिली. तो इतिहास आपण जाणता. मी तेथे थांबत नाही.

त्याच १४ सप्टेंबरला एक मागणी नामंजूर झाली तिच्याकडे मात्र लक्ष वेधावेसे वाटते. भाषांची जी यादी घटनेला जोडावयाची होती तीत मुंडारी, गोंडी आणि उरांव यांचा समावेश करावा, असे जयपालसिंग यांनी सुचविले. ते मान्य झाले नाही. ही यादी म्हणजेच आठवी अनुसूची. आरंभी तीत चौदा भाषा होत्या आणि मराठी त्यांत पहिल्यापासून आहे. १९६७ साली सिंधी आली. १९९२ साली कोकणी, मणिपुरी आणि नेपाळी. २००३ च्या घटनादुरुस्तीने बोडो, डोगरी, मैथिली आणि संथाळी. आता बावीस झाल्या. गोंडी अजून बाहेरच आहे. भिल्ली बोलणारे २०११ साली १ कोटीहून अधिक होते, तीही बाहेरच. उलट, अनुसूचीतील संस्कृत मातृभाषा म्हणून सांगणारे त्याच जनगणनेत २५ हजारांच्या आत होते. आणि ज्या भाषेतून आपली मुले आज शिकतात, उच्च न्यायालये निकाल देतात, ती इंग्रजी त्या अनुसूचीत नाहीच!

तर मग या अनुसूचीचा उपयोग कोणता? खुद्द घटनेत तिचा संबंध मुळात दोनच ठिकाणी येतो. राजभाषा आयोगावर या भाषांचे प्रतिनिधी असावेत, हे एक. आणि हिंदीचा विकास करताना या भाषांतील रूप, शैली, पदावली आत्मसात करावी, हे दुसरे. अनुसूचीतील भाषांना अमुक हक्क मिळतील असे वाक्य तेथे नाही. व्यवहारात तिचे महत्त्व पुढे वाढले, हे खरे. लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेची उत्तरे त्या भाषांतून लिहिता येतात, केंद्रीय कायद्यांचे अधिकृत अनुवाद त्यांत होऊ शकतात. चलनी नोटेच्या मागील बाजूस पंधरा भाषांची जी उभी पट्टी असते तीत मराठी आहे. मात्र सिंधी, मैथिली, संथाळी अनुसूचीत असूनही नोटेवर नाहीत. सारांश, अनुसूची हा भाषेचा मान आहे. ज्यांच्यापाशी दुसरे काहीच नव्हते त्या सिंधी बांधवांना १९६७ साली त्या मानाचे मोल किती वाटले असेल, हे उल्हासनगर पाहिलेल्या माणसाला सांगावयास नको. फाळणीने त्यांची भूमी गेली. भाषेला निदान घटनेत जागा मिळाली.

अनुसूचीनंतर येतो तीनशे पंचेचाळिसावा अनुच्छेद, आणि खरी सत्ता येथे आहे. राज्याचे विधिमंडळ कायद्याने आपल्या कारभाराची भाषा ठरवू शकते. महाराष्ट्राने १९६४ च्या अधिनियमाने मराठी ठरविली. ही मान्यता भूमीला बांधलेली आहे. सीमेवरच्या पाटीपाशी ती संपते. आणि त्या भूमीत जे अल्पसंख्य आहेत त्यांना ती मान्यता कधी कधी कशी भासते हे आसामात दिसले. १९६० साली तेथे असमियाला राजभाषा करणारा कायदा झाला. बंगाली वस्तीच्या काछाड जिल्ह्यात विरोध पेटला. १९ मे १९६१ रोजी सिल्चरच्या रेल्वे स्थानकावर सत्याग्रहींवर गोळीबार होऊन अकरा जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्या जिल्ह्यापुरता बंगालीला अवसर मिळाला. दार्जिलिंगच्या पहाडी महकम्यांसाठी नेपाळीची तरतूद पश्चिम बंगालने १९६१ च्याच कायद्यात केली. तेथे त्या घटकेला रक्त सांडले नाही.

आपल्या घराजवळचे उदाहरण गोव्याचे. १९८७ च्या गोवा, दमण आणि दीव राजभाषा अधिनियमाने देवनागरीतील कोकणी ही राजभाषा ठरली, आणि मराठीचाही सर्व किंवा कोणत्याही शासकीय कामासाठी वापर करता येईल, असे म्हटले. ‘करता येईल’ या क्रियापदावर गोव्यात कित्येक वर्षे वाद चालला. कोकणी ही स्वतंत्र भाषा की मराठीची बोली, हा वाद आपल्या बाजूने ज्या तोऱ्यात घातला गेला तो मला कधी शोभिवंत वाटला नाही. पण मुद्दा क्रियापदाचा आहे. घटनेच्या आणि कायद्याच्या भाषेत ‘करील’, ‘करू शकेल’ आणि ‘करण्याचा प्रयत्न करील’ यांत जमीनअस्मानाचे अंतर असते, आणि आपणां परमुलुखवासीयांच्या वाट्यास यांतील तिसरे आले आहे.

१९५३ साली फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि पणिक्कर यांचा राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. राज्ये भाषावार झाली तरी प्रत्येक राज्यात दुसऱ्या भाषेची माणसे उरणारच, हे या तिघांनी ओळखले होते. त्यांच्या शिफारशींतून १९५६ ची सातवी घटनादुरुस्ती आली. १ नोव्हेंबर १९५६ ही तारीख महाराष्ट्रात कशासाठी आठवतात? द्विभाषिक मुंबई राज्यासाठी, त्या अन्यायासाठी, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यासाठी आणि हुतात्म्यांसाठी. ते स्मरण सर्वथा योग्यच आहे. पण त्याच घटनादुरुस्तीने दोन नवे अनुच्छेद घातले गेले: तीनशे पन्नास ‘क’ आणि तीनशे पन्नास ‘ख’. महाराष्ट्रातल्या माणसाला त्यांची गरज नव्हती म्हणून तेथे त्यांची चर्चा झाली नाही. आणि आपण वर्तमानपत्र तेथलेच वाचत असल्यामुळे आपल्यालाही त्यांची खबर लागली नाही.

तीनशे पन्नास ‘क’ म्हणतो की भाषिक अल्पसंख्य समाजाच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रत्येक राज्य आणि प्रत्येक स्थानिक संस्था प्रयत्न करील, आणि त्यासाठी राष्ट्रपती राज्यांना निदेश देऊ शकतील. ‘ख’ प्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांसाठी एक विशेष अधिकारी नेमावयाचा आणि त्याचे अहवाल संसदेपुढे ठेवावयाचे. हे आयुक्तालय १९५७ साली सुरू झाले, अनेक वर्षे अलाहाबादेत होते, आणि त्याचे अहवाल म्हणजे राज्याराज्यांतून न आलेल्या उत्तरांची एक दीर्घ नोंद आहे. आयुक्त विचारतात, राज्य सरकार गप्प राहते, आयुक्त खेद व्यक्त करतात. त्यांच्या हाती दंड नाही.

परंतु हे ‘प्रयत्न करील’ सर्वस्वी पोकळ आहे असेही नव्हे. त्याच्यामागे एक रोकडा आकडा आहे. ऑगस्ट १९४९ मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत एक सूत्र ठरले आणि १९५६ नंतर ते अल्पसंख्याकांच्या संरक्षक योजनेत घेतले गेले: प्राथमिक शाळेत एका भाषेची चाळीस मुले असतील, किंवा एका वर्गात दहा असतील, तर त्या भाषेतून शिकविणारा निदान एक शिक्षक नेमावा. चाळीस आणि दहा. शासकीय सूचना अल्पसंख्याकांच्या भाषेत प्रसिद्ध करण्याचा नियमही आहे, पण त्यासाठी त्या भागात पंधरा ते वीस टक्के लोकसंख्या लागते. बेळगावच्या मराठी माणसाला तो उपयोगी आहे आणि तो त्यासाठी भांडतोही. या शहरात आपण पंधरा टक्के कधी होणार नाही. चाळीस मुले मात्र एके काळी आपल्या एकेका आळीत होती.

यापुढे मूलभूत हक्कांचे एकोणतिसावे आणि तिसावे कलम. भाषा, लिपी, संस्कृती जतन करण्याचा आणि स्वतःच्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढून चालविण्याचा हक्क. हा ‘प्रयत्न’ नव्हे, हा खराखुरा हक्क आहे. अल्पसंख्य कोण हे देशाच्या नव्हे तर राज्याच्या लोकसंख्येवरून ठरवावयाचे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने २००२ साली टी. एम. ए. पै प्रतिष्ठानाच्या खटल्यात सांगितले. म्हणजे तोच मराठी माणूस नागपुरात बहुसंख्य आणि येथे अल्पसंख्य. मुंबईतला गुजराती तेथे अल्पसंख्य आणि अहमदाबादेत बहुसंख्य. हा आरसा दोन्हींकडून पाहावा लागतो. महाराष्ट्राने अल्पसंख्याकांच्या शाळांतूनही मराठी विषय सक्तीचा केला, तेव्हा मुंबईतील गुजराती शाळा चालविणारी मंडळी न्यायालयात गेली. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राचे धोरण योग्य ठरविले. त्या निकालाचा मला आनंद वाटतो. पण मग आपल्या मुलांना येथील राज्यभाषा शाळेत सक्तीने शिकावी लागली तर आपण कुरकुरता कामा नये. ती त्यांनी शिकावी, उत्तम शिकावी. प्रश्न तिच्याबरोबर मराठी राहते की नाही, हा आहे.

आणि येथे कायदा आपला हात सोडून देतो. कर्नाटकाने १९९४ साली प्राथमिक वर्गांत मातृभाषा किंवा कन्नड हेच माध्यम असावे असा आदेश काढला होता. तो वाद वीस वर्षे चालला. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की माध्यम निवडण्याचा अधिकार मुलाचा आणि त्याच्या वतीने पालकांचा. राज्य ते लादू शकत नाही. त्याच निकालात असेही म्हटले आहे की मुलाची मातृभाषा कोणती, हे त्याचे पालक किंवा संगोपन करणारेच ठरवतील.

त्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबलो. सातव्या घटनादुरुस्तीने जो अनुच्छेद आपल्यासाठी केला त्यातला कळीचा शब्द ‘मातृभाषा’, आणि त्याचा अर्थ लावण्याचे काम देशातल्या सर्वोच्च न्यायालयाने आपल्या बैठकीच्या खोलीत आणून ठेवले आहे. शाळेच्या प्रवेशपत्रावर एक रकाना असतो. हिंदी मुलुखातील आपली कित्येक कुटुंबे त्या रकान्यात ‘हिंदी’ लिहितात. कारकून विचारील, कटकट नको म्हणून. कोणी ‘इंग्रजी’ लिहितात, मुलाखतीत बरे दिसते म्हणून. जनगणनेचा प्रगणक दाराशी आला की घाईत तेच होते. असा प्रत्येक रकाना भरला की चाळिसातला एक कमी होतो. मग आयुक्तांच्या अहवालात येथे मराठी विद्यार्थी नाहीत अशी नोंद होते, आणि ती नोंद खोटी आहे असे म्हणण्यास आपल्यापाशी कागद उरत नाही.

एक गोष्ट जाता जाता सांगतो. कलकत्त्याच्या किंवा मद्रासेच्या मराठी घरात आईबापांना ठाऊक असते की मुलाला अक्षरेच निराळी शिकवावी लागणार. म्हणून ते शिकवतात. हिंदी मुलुखात लिपी एकच. मूल मराठी पाटी अडखळत का होईना वाचते आणि आपण निश्चिंत होतो. मग कधीतरी ते ‘बाळ’ला ‘बाल’ म्हणते, आणि आजीच्या लक्षात येते की ‘ळ’ त्याच्या जिभेवर कधी बसलाच नाही.

आणखी एक तरतूद. तीनशे पन्नासाव्या अनुच्छेदानुसार कोणत्याही तक्रारीच्या निवारणासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या अधिकाऱ्याकडे, तेथे वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येते. ‘राजभाषेत’ असे त्यात म्हटलेले नाही. ‘वापरात असलेल्या’ असे म्हटले आहे. उत्तर कोणत्या भाषेत येईल याविषयी मात्र तो अनुच्छेद मौन पाळतो. तेव्हा अर्ज मराठीत लिहावा आणि सोबत येथील राज्यभाषेतील प्रत जोडावी, असा माझा सल्ला आहे. कारकुनावर रुसून शिक्षक मिळत नाही.

आपल्या मंडळाचा रविवारचा मराठी वर्ग चालू आहे. तो हौसेवर आणि दोन निवृत्त शिक्षिकांच्या चिकाटीवर चालला आहे. तो चालावाच. पण त्यापुढचे पाऊल म्हणून शहरातील कोणत्या शाळेत, कोणत्या इयत्तेत आपली किती मुले आहेत याची यादी प्रथम हाती हवी. दहा मुले एका वर्गात निघतात की नाही, चाळीस एका शाळेत भरतात की नाही, हे त्याशिवाय कळणार नाही. नवे सत्र सुरू होण्यापूर्वी तीन महिने तरी अर्ज गेला पाहिजे. चिटणिसांनी त्यासाठी एक वही वाचनालयाच्या मेजावर ठेवण्याचे मान्य केले आहे. तीत मुलाचे नाव, शाळा, इयत्ता आणि मातृभाषा, असे चार रकाने आखले आहेत.